बाबांनी स्कूटर विकायची म्हटली तेव्हा

यार, पेट्रोलात इथेनॉल आलं आणि आमच्या घरी काय झालं, ते ऐका. बाबांकडे त्यांच्या लग्नाच्या वेळची स्कूटर आहे. आई कित्येक वर्षांपासून एकच म्हणते, "भंगारात द्या हिले!" बाबा काही ऐकत नाहीत.

गेल्या महिन्यात दोघं त्याच स्कूटरवर मावशीकडे कुहीला निघाले. मी माझ्या मोटरसायकलवर मागे होतो. वाटेत स्कूटरखालून पेट्रोल टपकायला लागलं आणि गाडी बंद पडली. ढकलत ढकलत आम्ही ती एका मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीनं पेट्रोलची नळी काढून दाखवली. फुगून पार मऊ झाली होती.

"काकाजी, आता पेट्रोलमंदी इथेनॉल येऊन राहिलं. हे जुनं रबर त्याले टिकत नाही. नळी बदलवून देतो, पण कार्बोरेटरही पाहावं लागन."

बाबांचा चेहराच उतरला. सीटवरून हात फिरवत म्हणाले, "राहू दे गा. हिचंही वय झालं. विकूनच टाकतो आता."

मला वाटलं, आई खूश होईल. तर ती तरातरा पुढे आली.

"काहून विकता? बदलवा ना नळी!"

बाबा चाट पडले. "अवं, तूच तर रोज म्हणत होती."

"म्हणत होती, तर काय झालं? मागच्या वर्षी तुमचे दोन्ही गुडघे बदलवले. तुम्हाले विकलं का मी?"