‘रन’चं पारायण

“आई, परतीचं तिकीट शनिवारचं आहे,” माझा शरद तिसऱ्यांदा म्हणाला, आणि मीही तिसऱ्यांदा सांगितलं, “कॅन्सल कर.”

तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, मी अमेरिकेत शुगर लँडला त्याच्याकडे राहायला गेले होते. रोज सकाळी तो मला लायब्ररीत सोडायचा. तिथली जाडजूड डिक्शनरी घरी नेऊ देत नसत, म्हणून मी तिचं पारायण तिथेच मांडलं होतं. इंग्रजी मी शरदच्याच शाळेच्या पुस्तकांवरून शिकलेले, म्हणून फक्त छोट्या शब्दांचं. लांबलचक शब्द डॉक्टरांना लागतात. ‘ए’पासून सरळ आले आणि ‘रन’पाशी अडकले. माणूस पळाला तरी रन, नाक गळलं तरी रन, दुकान चालवलं तरी रन, निवडणुकीला नुसतं उभं राहिलं तरी रनच. पानंच्या पानं तेच.

“अगं, पंधरा वर्षं इथे जॉब करतोय, मला त्यातले पाच अर्थ येत नाहीत.”

“दिसतंच आहे.”

सून सिंककडे तोंड करून हसली. शरद आणखी चिडला. “पोथी आहे का ती? अर्धी सोडलीस तर काय बिघडेल?”

“चौथीत माझ्या वडिलांनी मला शाळा अर्धी सोडायला लावली. त्यानंतर मी काहीही अर्धं सोडलेलं नाही.”

शरद हळूच म्हणाला, “बरं बाई. ‘रन’ संपलं की जाशील ना?”

“जाईन की,” मी म्हटलं, “पण पुढे ‘सेट’ आहे, तो मी कालच चाळून आलेय, त्याचे अर्थ ‘रन’हूनही जास्त आहेत, तेव्हा तिकीट दिवाळीनंतरचंच काढ.”