नानांची बस आणि तीन कंट्रोलर

अमळनेरच्या नानांचं सांगतो तुम्हाला. निवृत्त एसटी ड्रायव्हर. गुडघ्यांमुळे गाडी सुटली, म्हणून कॉम्प्युटरवर, हातात धरायच्या कंट्रोलरने बस चालवायचा गेम खेळतात. एकदा पीसी घेऊन माझ्या जळगावच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले.

"कंट्रोलर जोडा का दहा मिनिटमा पीसी बंद पडी जास. तीन कंट्रोलर बदली टाकात."

मी कंट्रोलर न जोडता गेम लावून ठेवला. तासभर काही झालं नाही.

"घर बी असंच. कंट्रोलरच खराब शे," नाना म्हणाले.

"कंट्रोलर नसताना बस कशी चालवता?"

"कीबोर्डवर जमत नही. स्टँडवर उभी ऱ्हास."

तिथेच मला दुखणं सापडलं. बस उभी असताना पीसीला मेहनतच नव्हती. कंट्रोलर हातात आला की नाना ती पळवायचे आणि मेमरीवर ताण यायचा. तपासलं तर नानांच्या पुतण्याने ती ओव्हरक्लॉक करून, म्हणजे मूळ वेगापेक्षा जास्त पळवून ठेवली होती. मी ती मूळ वेगावर आणली. मग नानांनी तिथेच दोन तास बस चालवली, पीसी एकदाही बंद पडला नाही.

जाताना मी सांगून टाकलं, "नाना, मेमरीचा वेग कमी केलाय बरं का."

नाना म्हणाले, "झेपत नही तं वेग कमीच करना पडस. हाई ड्रायव्हरले काय सांगस?"