घेऊन दाखवा

मिलवॉकीच्या इस्पितळात कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे दोन शिकाऊ फार्मासिस्ट होते.

“डॅरेल, शुक्रवारी पेशंटना कसं शिकवायचं त्या वर्गाला येतोयस ना?”

“केल्सी, मी औषधं शिकायला आलोय. मास्तरकी शिकून काय करू?”

“नोवाक आजोबा परत भरती झालेत. दम लागतोय.”

“का? इनहेलर दिलाय की त्यांना.”

“वर्गात शिकवतात तसं मी म्हटलं, ‘घेऊन दाखवा.’ त्यांनी इनहेलरमध्ये घालायची कॅप्सूल काढली आणि पाण्याबरोबर गिळली.”

“कुठल्या गाढवाने समजावलं होतं त्यांना?”

“कागदावर तुझी सही आहे.”

“अगं, मी दोनदा विचारलं, ‘समजलं ना?’ दोन्ही वेळा हो म्हणाले.”

“आजही म्हणत होते, तो पोरगा फार छान समजावतो.”