दोन्हीकडून लागतं

साप पाळल्यामुळे सासू-सुनेचं वाजलं, असं कधी ऐकलंय? आमच्याकडे वाजलं.

इथे आखातात, देरा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी किंगस्नेकची जोडी आहे, बिनविषारी. दोघंही काळे पट्टेवाले. तरी एक पिल्लू पांढरं-गुलाबी निघालं. मी म्हटलंच होतं, निघेल.

व्हिजिट व्हिसावर आलेल्या आईनं विचारलं, "हा रंग कुठनं आला रे?"

"दोघांच्या अंगात लपलेला होता. एकाकडून येऊन भागत नाही, दोन्हीकडून लागतं. आपल्या ओमच्या घाऱ्या डोळ्यांसारखंच."

बायको लाटणं घेऊनच बाहेर आली. ओम जन्मल्यापासून आई सगळ्यांना सांगत आलीये, "घारे डोळे सुनेच्या माहेरचे. आमच्यात कुणाचे नाहीत."

"ऐकलंत ना आई? दोन्हीकडून लागतं!"

आई शांतपणे म्हणाली, "मग ते ह्याच्या बाबांकडचं. माझ्या माहेरी कुणाचे नाहीत."