काळ्या साडीवरचे ठिपके

हुबळीत त्वचेच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी दुर्गदबैल बाजारातले एक साडीवाले आणि मनगटावर नायटा उठलेल्या एक बाई बोलत होते.

"तुम्हाला काय झालंय, अण्णा?"

"कोंडा, अक्का. मागच्या खेपेला डॉक्टरांनी बुरशी मारायचा शॅम्पू लिहून दिला."

"मग? गुण नाही आला?"

"बाटलीच उघडली नाही. ऐका तर. संक्रांतीचा सीझन. गिऱ्हाइकाला काळी साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवावी लागते. परवा एक बाई म्हणाल्या, हीच ठिपक्यांची द्या."

"ठिपक्यांची?"

"तशीच बांधून दिली."

"अय्यो! आणि घरी जाऊन झटकल्यावर?"

"दुसऱ्या दिवशी आल्या की भांडायला. ठिपके गेले म्हणे. मी साडी उलगडली, सवयीनं खांद्यावर टाकून बघितली."

"बरं?"

"ठिपके परत आले. खूश होऊन गेल्या."

"शिव शिव! आता तरी तो शॅम्पू लावा, अण्णा."

"तेच विचारायला आलोय. त्या बाईंच्या दोन्ही जावांना तसलीच साडी पाहिजे. शॅम्पू संक्रांतीनंतर सुरू केला तर चालतंय काय?"