चिलीच्या खेळाडूची खोली

देवळाली कॅम्पच्या बसमध्ये उज्वलाच्या पुढच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची भाची बसली होती.

"मामा, मागची खोली भाड्याने द्या. एक मुलगी विचारतेय, बँकेत आहे, शांत आहे."

"ती खेळाडूंची खोली आहे."

"टेनिसची स्पर्धा कधीच बंद पडली."

"थांबलीय. मागे दुष्काळातही थांबली होती, मातीच्या कोर्टावर मारायला पाणी नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी आले की सगळे."

"तेव्हा माती तरी होती. आता तिथे गाड्या लावतात."

"परदेशातून यायची पोरं, पण हॉटेल परवडायचं नाही. म्हणून कॅम्पातल्या घरोघरी एकेक वाटून द्यायचे. आपल्याकडे दर वर्षी तो चिलीचा."

"त्याचे पाय पलंगाबाहेर जायचे. मामी खाली स्टूल लावायची."

"स्टूल आहे अजून."

"बघितलं मी. चादरही नवी घातलीय."

"जानेवारी आलाय ना, खेळाडू यायचा महिना."

उज्वलाचा थांबा आला, पण ती उठली नाही.

"मामा, मामी गेल्यापासून तुम्ही एकटे. रात्री पडलात तर कळणार कोणाला? मला रोज यायला जमत नाही."

"ती बँकेतली मुलगी संध्याकाळी घरी कधी येते?"

"दिवेलागणीला."

"खेळाडूही तेव्हाच यायचे. कोर्टाच्या मातीने तांबडे होऊन. मामी मोजे दारातच काढायला लावायची."

"मग, हो म्हणू तिला?"

"उंच आहे का गं?"

"माझ्याएवढी असेल. का?"

"नाही, म्हणजे स्टूल लागणार नाही."