सासऱ्यांच्या टोपीवरचं हेल्मेट

...नाही, तुम्हीच सांगा, सख्ख्या सासऱ्याला दटावायचं तरी कसं? तेही भर बांधकामावर, चाळीस गवंड्यांसमोर! तुम्हाला सांगतो, नऊ वर्षं मी दोहात सेफ्टीवाला होतो... केनियाचा असो, फिलिपिन्सचा असो, नाहीतर आपला नेपाळी झापाचा, मी नुसती शिट्टी वाजवली की हेल्मेट डोक्यावर! आणि इथं नेपाळात, आपल्या पाटणमध्ये? चार मजली दवाखाना बांधतोय, मुख्य गवंडी कोण, तर आशामान महर्जन, म्हणजे माझ्या बायकोचे वडील, वय एकसष्ट, तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर उभे, आणि डोक्यावर काय... आपली कापडी ढाका टोपी! दोहात असं चालत नव्हतं हो!

म्हटलं, "बा, हेल्मेट घाला."

"टोपीवर बसत नाही."

"मग टोपी काढा ना!"

झालं! थापी खाली ठेवली. "जावईबापू, टोपी उतरवतात ती बाप गेल्यावर. माझा गेला तेव्हा मी उतरवली. आता कोण गेलंय?"

खाली चाळीसच्या चाळीस जण फिदीफिदी! घरी बायकोला, सुजीनाला सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली, "माझ्या बाबांना चारचौघांत बोललात?" पुढ्यात नुसता कोरडा चिउरा, म्हणजे पोहे, आपटला, आणि वर म्हणते कशी, "पण त्यांना काही झालं ना, तर तुमचं तोंड बघायची नाही मी!" आता बोला! बोललो तरी मेलो, नाही बोललो तरी मेलो!

दुसऱ्या दिवशी डोकंच फिरलं माझं. स्वतःचं हेल्मेट काढलं, बरोब्बर त्यांच्या परांचीखाली घमेलं उपडं घातलं आणि बसलो त्यावर. ओरडलो, "पडू दे वीट! मी गेल्यावर तरी टोपी काढाल ना?"

म्हातारा पांढराफटक! "अरे येड्या, ऊठ तिथून!" ते ‘जावईबापू’ म्हणणं गेलं कुठल्या कुठं! झटकन हेल्मेट घेतलं, आतली पट्टी सैल केली, टोपीवरच दाबून बसवलं आणि हनुवटीखाली पट्टा आवळला. म्हटलं टोपी तर टोपी, डोकं झाकलं ना!

आणि तिसऱ्याच दिवशी, तुम्हाला सांगतो, वरून बांच्या डोक्यावर अख्खी वीट आली... ठाप! मी जिने कसे चढलो मला आठवत नाही. हेल्मेटला ही एवढी भेग, आणि बा शांतपणे बसलेत! मी गळ्यात पडून रडलो हो, भोकाड पसरून रडलो. माझा बाप लहानपणीच गेला, दुसरा आहे कुठं मला?

त्यांनी हेल्मेट काढून बाजूला भिरकावलं, टोपी हळूच हातात घेतली, उलटसुलट बघितली. "पाहिलंत जावईबापू? घडीसुद्धा मोडली नाही. तुमच्या सासूनं दिलेली टोपी... हिनंच वाचवलं!"

आता रोज सकाळी गेटवर मी हेल्मेट तपासतो, आणि शेजारी बा उभे राहून आतली टोपी तपासतात. चाळीस गवंडी, चाळीस टोप्या! काल एकालाच घरी परत पाठवलं त्यांनी...

मला! घाईत टोपी विसरलो होतो. दोहात असं चालत नव्हतं हो!